पुढे सरका

कात्रज ते स्वारगेट, बावीस वर्षं
एकच वाक्य माझ्या तोंडी: पुढे सरका.
आता तेच मी पोटाला म्हणते,
पहाटे चारला, पलंगावर उठून बसून,
गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन.

मोठ्या आतड्यातला फूटभर रस्ता
डॉक्टरांनी कापून काढला,
बालाजीनगरचं टोक पद्मावतीला आणून शिवलं.
मधला धनकवडीचा थांबा आता नाही.
गाडीला हे कळायला वेळ लागेल, म्हणाले.

ऑपरेशननंतर तीन दिवस
जो येई तो विचारी, वारा सरला का?
मेहुणे, जाऊबाई, डेपोतून आलेले लतीफभाई ड्रायव्हर,
तेही खिडकीकडे तोंड करून, हळूच.
चौथ्या दिवशी सरला.
वॉर्डातल्या पाच बायकांनी टाळ्या वाजवल्या.
लग्नातसुद्धा माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

मग डबे येऊ लागले.
व्हॅनिलाच्या वासाची प्रोटीन पावडर,
पुतणीने ऑनलाइन मागवलेली, कितीही ढवळा, गुठळ्या.
शेजारच्या ओसवालकाकूंचा गव्हांकुरांचा रस,
सोबत गोष्ट फुकट: अमक्याचा आजार यानेच पळाला.
लोहाची गोळी, जी सगळं काळं करते
आणि पहिल्यांदा बघितलं की जीव उडतो.
इसबगोल, ज्याला चव नाही, नुसता धीर आहे.
आणि एक कॅप्सूल, जिच्यात म्हणे
अब्जावधी जिवाणू.
एका गाडीत इतके प्रवासी!
तिकीट कुणाकुणाचं बघायचं?

आहारतज्ज्ञ मुलगी, केतकी नाव, चोवीसेक वर्षांची,
तिने अर्ध्या पिशव्या परत बांधायला लावल्या.
हे ठेवा. हा रस नको. हे डॉक्टरांना विचारून.
आणि रोज एकच नवा पदार्थ, ताई, लिहून ठेवा.
लिहायचं मला सांगावं लागत नाही.
घरात जुनी कोरी वेबिलं पडली होती.
किती वाजता, काय चढलं, कधी उतरलं.
मऊ भात, लोणी काढलेलं ताक: ठीक.
उकडलेलं गाजर: ठीक.
वरणाचं वरचं पाणी: दीड तासात सहा फेऱ्या.
दूध: नोंद करायलाही सवड मिळाली नाही.

फेऱ्या. हाच शब्द लिहिते मी.

आणि कधी रात्री आठवतं,
ड्युटीवर मी पाणी पीत नसे.
शेवटच्या थांब्याला बायकांची सोय नव्हती,
होती तिथे दाराला कडी नव्हती.
बावीस वर्षं धरून ठेवलं सगळं
आणि आता पोटच काही धरत नाही.
डॉक्टरांना विचारलं, त्यानेच तर नाही ना झालं?
तसं काही नसतं, म्हणाले.
नसेल.

एकोणसाठाव्या दिवशी ज्वारीची भाकरी, चतकोर,
पापुद्रा काढून, ताकात कुस्करून.
सुनेचं लक्ष घड्याळाकडे, माझं पोटाकडे.
एक तास. दोन.
कुकरची शिटी झाली तेव्हा दोघी दचकलो.
बाकी काही झालं नाही.
वेबिलावर लिहिलं: भाकरी. वेळेवर.

परवा बसमध्ये चढले, नुसती प्रवासी म्हणून,
पिशवीत जादा परकर,
आणि वाटेतली सगळी स्वच्छतागृहं तोंडपाठ.
कंडक्टर नवी पोरगी. ओठ सुकलेले,
पाण्याची बाटली काठोकाठ, सील तसंच.
पुढे सरका, म्हणाली मला.
सरकले.
मग वळून म्हटलं, पोरी, पाणी पी.
ती हसली. घरी गेल्यावर पिते, मावशी.

पद्मावती गेलं. पोट गप्प होतं.
मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं,
स्वारगेटला मी उभी राहते दाराशी.
कडी नसली तरी.
तू पी.